दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर शुगरच्या गोळ्या बंद, इन्सुलिन चालू. हे असंच असतं का?

कळंब्याचा_पोरगा (सोमवार, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचणारा. आज वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आण्णा (वडील, वय ७१) शनिवारी सकाळी परसातल्या शेवाळावरून घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलंय. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ठेवलंय, ऑपरेशन उद्या किंवा परवा. शुगर १४ वर्षांपासून. घरी तीन गोळ्या चालू होत्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि गेल्या वर्षीपासून डापाग्लिफ्लोझिन. रोज सकाळी स्वतः बोट टोचून वहीत आकडा लिहितात, १२५ ते १४० च्या आत असतो. इथं आल्या आल्या निघाली २६८.

तिन्ही गोळ्या बंद केल्या आणि इन्सुलिन चालू केलं. आईनं रडून घातलंय, "एकदा सुई लागली की सरणापर्यंत सुटत नाही" म्हणून. आत्याचं वेगळंच. तिच्या मते आधी गोळ्या बंद करून शुगर चढवली आणि आता इन्सुलिनचं बिल लावतायत. मला कोड्यात टाकलं ते डॉक्टरांच्या एका वाक्यानं. म्हणाले, "१४० ते १८० मध्ये राहिली तरी मला चालेल." आमचे नेहमीचे डॉक्टर तर उपाशीपोटी १३० च्या वर गेली की झापतात. मग इथं ढिलाई चाललीय का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

खासबागचा_पैलवान

आण्णांना लवकर आराम पडू दे. आत्याबाईंना वॉर्डात बसवू नका, सिस्टरांची शुगर वाढंल.

पांढरी_टोपी

सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं वॉर्डात काढली, म्हणून दोन शब्द लिहिते.

बाळा, आण्णांची शुगर गोळ्या बंद केल्यामुळं वाढलेली नाही. तू स्वतःच लिहिलंयस की आल्या आल्या २६८ होती. गोळ्या त्यानंतर बंद झाल्या. आत्याबाईंना आधी एवढं सांग. हाड मोडलं की दुखणं, भीती, जागरण, सगळं एकदम अंगावर येतं. शरीराला वाटतं संकट आलं. कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन वाढतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. वर इन्सुलिनचा असर कमी होतो. ज्याला शुगर नाही त्याचीसुद्धा अशा वेळी चढते, आण्णा तर १४ वर्षांचे जुने.

आता गोळ्या का थांबवतात ते. ग्लिमेपिराइड पोटात गेली की दिवसभर स्वादुपिंडाला पिळत राहते. घरी दोन वेळचं जेवण असतं, चालून जातं. इथं ऑपरेशनसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवणार. ऑपरेशन तीन तासांनी पुढं ढकललं तर? गोळी काही पोटातून परत काढता येत नाही. इन्सुलिनचा डोस दर वेळी आकडा बघून, जेवण बघून कमीजास्त करता येतो. शिरेतून चालू असेल तर बंद केल्यावर थोड्या वेळातच असर ओसरतो. मेटफॉर्मिन थांबवतात कारण या धावपळीत किडनीवर ताण आला किंवा रक्तदाब पडला तर ती अंगात साठते आणि रक्तात आम्ल वाढू शकतं.

आणि आईला म्हणावं, दवाखान्यातली सुई म्हणजे आयुष्यभराची सुई असं काही नाही. माझ्या हातनं इन्सुलिन घेऊन घरी गोळ्यांवर परतलेली माणसं मोजायला गेले तर दसरा उजाडेल.

आडवी_भिंत

सगळं बरोबर असेल, पण बिलाची दुसरी बाजूही लिहितो. सासऱ्यांना गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला. दर सहा तासांनी बोट टोचायचे, आकड्याप्रमाणं सुई द्यायचे. २०० च्या वर एवढी, २५० च्या वर तेवढी. चार दिवस आकडे असे: ३१०, ९४, २८८, ८१, ३०२. दर टोचणीचं वेगळं बिल. शुगर काही जागेवर आली नाही, बोटं मात्र चाळणी झाली. विचारलं तर "प्रोटोकॉल आहे" एवढंच उत्तर. त्यामुळं कळंबेकर, डोळे झाकून मान डोलवू नका.

सुईदोरा

मी सर्जन आहे, शुगरवाला नाही. पण रोज संबंध येतो. पेशंट न बघता सल्ला देत नाही, माहिती देतो.

आडवी भिंत, तुमची तक्रार रास्त आहे. याला स्लायडिंग स्केल म्हणतात. नुसत्या त्याच्यावर पेशंट ठेवायचा नाही, असं मार्गदर्शक तत्त्वं किती तरी वर्षं सांगतायत. कारण त्यात शुगर चढल्यावर तिच्या मागं पळायचं असतं, ती चढू नये म्हणून आधी काहीच दिलेलं नसतं. नीट खाणाऱ्या पेशंटला दिवसभर मंद चालणारं एक बेसल इन्सुलिन, उदाहरणार्थ ग्लार्जिन, आणि प्रत्येक जेवणाबरोबर लवकर काम करणारं थोडं थोडं, अशी पद्धत बरी पडते. २००७ मध्ये रॅबिट २ नावाच्या चाचणीत टाइप टूच्या वॉर्डातल्या पेशंटांमध्ये या दोन पद्धतींची तुलना झाली, ही दुसरी, म्हणजे बेसल-बोलस, सरस ठरली. तरी स्लायडिंग स्केल मरत नाही. लिहायला सोपं पडतं ना.

आता १४० ते १८० ची भानगड. ही ढिलाई नव्हे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूवेनच्या सर्जिकल आयसीयूतला अभ्यास आला: शुगर ८० ते ११० मध्ये करकचून बांधली तर मृत्यू कमी होतात. जगभर सगळे त्याच्या मागं लागले. मग २००९ मध्ये नाइस-शुगर नावाची मोठी चाचणी आली, आयसीयूतले ६,१०४ पेशंट. एका गटाला ८१ ते १०८ मध्ये ठेवलं, दुसऱ्याला १८० च्या आत. नव्वद दिवसांत करकचून बांधलेल्या गटातले २७.५ टक्के गेले, दुसऱ्या गटातले २४.९. शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५. तेव्हापासून बहुतेक ॲडमिट पेशंटांना १४० ते १८० ठेवतात. १८० च्या वर सारखी राहिली तर इन्सुलिन सुरू करायचं, पण ११० च्या हट्टाला पेटायचं नाही. घरचं लक्ष्य पुढच्या वीस वर्षांचे डोळे-किडनी वाचवण्यासाठी असतं, इथलं या आठवड्यासाठी.

आणि कळंब्याचा पोरगा, एक काम आत्ताच करा. आण्णांनी डापाग्लिफ्लोझिन शेवटची कधी घेतली ते भूलवाल्या डॉक्टरांना तारखेनिशी सांगा. ठरवून करायच्या ऑपरेशनला ती तीन दिवस आधी थांबवतात. उपाशी माणसात त्या गोळीमुळं किटोन, म्हणजे चरबी जळताना रक्तात येणारी आम्लं, वाढू शकतात आणि तेही शुगर १६०-१८० असताना, म्हणजे आकडा बघून कुणाला शंका येत नाही. मोडलेल्या खुब्यासाठी थांबून राहणं परवडत नाही, म्हणून रक्तातले किटोन तपासून पुढं जातात. मळमळ, उलटी, धाप लागली तर सुद्धा लगेच सांगा.

कळंब्याचा_पोरगा

सर, शनिवारी सकाळी घेतली होती. पडायच्या अर्धा तास आधी. केसपेपरवर तीच गोळी लिहायची राहिली होती! पाकीट आईच्या पिशवीत. आत्ता जाऊन सिस्टरना दाखवलं, त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. आभार कसे मानू?

बिनसाखरेचा_चहा

केसपेपरवर गोळी राहणं नेहमीचं आहे. "शुगरची पांढरी आणि बीपीची गुलाबी" असं सांगणारे नातेवाईक आम्हीच. आता मी आईच्या सगळ्या पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतो.

माझा किस्सा. आई पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात होती. तिला दवाखान्याचं जेवण चालेना म्हणून डबा घरून. सिस्टरनी विचारलं, "डबा आला का?" आईनं ऐटीत सांगितलं, "लेक येतोयच." साडेसातला सुई दिली. आणि लेक गंगावेशीत मिरवणुकीत अडकलेला. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना, हँडलला डबा लटकतोय, समोर डॉल्बी. पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेलेले. आई पलंगावर बसलेली, झग्याची पाठ घामानं चिकटलेली, पंखा चालू असून. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाळू, म्हशी बांधल्यास का?" बाळू म्हणजे माझा मामा. जाऊन सात वर्षं झाली.

मी हसलो राव. मला वाटलं गंमत करते. शेजारच्या पलंगावरची म्हातारी ओरडली, "आरं हसतोस काय, सिस्टरला बोलाव." शुगर ४८. गिळता येत होतं म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं तर ८३. मग जेवण. त्या म्हातारीला दुसऱ्या दिवशी अर्धा डबा दिला.

तेव्हापासून नियम एकच: डब्याचं झाकण उघडल्याशिवाय सुई घ्यायची नाही.

पांढरी_टोपी

झाकणाचा नियम छान आहे, पण सगळ्या इन्सुलिनला लागू करू नका. जुनं साधं रेग्युलर असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास द्यावं लागतं, नवी ॲस्पार्ट, लिस्प्रो ताटावर बसताना. म्हणून सिस्टरला खरं सांगायचं. डबा हातात असेल तर "आला", नसेल तर "नाही आला". "येतोयच" हे उत्तर वॉर्डात चालत नाही.

शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही म्हणजे काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. सिस्टरला हाक मारा, त्या शिरेतून ग्लुकोज देतात. बीपीच्या काही गोळ्यांमुळं, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, हात थरथरणं आणि धडधड लपते. घाम लपत नाही. घामाकडं लक्ष ठेवा.

खासबागचा_पैलवान

म्हशी बांधल्या का पण शेवटी?

बिनसाखरेचा_चहा

@पैलवान, आईला रोज विचारतो. चप्पल फेकते.

मळीवाला

शुगर कमी झाली तर गुळाचा खडा द्या, साखरेपेक्षा बरा. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. कोल्हापुरी गुळानं शुगर वाढत नाही, लोह मिळतं. माझे चुलते रोज चहात गूळच घेतात.

आडवी_भिंत

चुलत्यांची शुगर किती?

मळीवाला

तपासलेली नाही.

सुईदोरा

😀 मळीवाले, तुमच्या गुळाचा मान राखून सांगतो, काहिलीत आटवला तो उसाचाच रस. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, लोह थोडंफार. त्यानं शुगर वाढतेच, म्हणून तर खाली गेलेली शुगर वर आणायला चालेलही. पण ताबडतोब वर आणायची असेल तर ग्लुकोज पावडर किंवा साखरेचं पाणी आधी. खडा चघळत बसायला वेळ नसतो. पेढा, बर्फी तर नकोच, तुपामुळं साखर उशिरा लागते.

वहिनी_लक्ष्मीपुरी

गुळावरून आठवलं, आमच्याकडं सासूबाईंना सलाईन लावलं तेव्हा दिरांनी गोंधळ घातला. बाटलीवर "डेक्स्ट्रोज" वाचलं आणि "शुगरच्या पेशंटला साखरेचं सलाईन!" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. खरं काय असतं?

पांढरी_टोपी

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. उपाशी माणसाला इन्सुलिन चालू असेल तर ते मुद्दाम लावतात, शुगर खाली जाऊ नये म्हणून. इन्सुलिन आणि ग्लुकोज जोडीनं चालतात. मात्र पेशंट जेवतोय, शुगर २८० आहे आणि तरी डेक्स्ट्रोजच चालू आहे, तर "साधं सलाईन चालेल का?" असं विचारायला हरकत नाही. विचारा. वॉर्ड डोक्यावर घेऊ नका.

तांबडा_आधी

आणि तांबडा-पांढरा? मित्राच्या वडिलांना भेटायला जाताना रस्सा नेला तर सिस्टरनी दारातच अडवलं. पांढऱ्या रश्शात कसली साखर?

सुईदोरा

रश्शात फार नसते. त्याच्याबरोबर तीन वाट्या भात जातो त्यात असते. आणि ऑपरेशन झालेल्या पोटाला ते तेल, ते तिखट... सिस्टरचा निर्णय योग्य. रस्सा सिस्टरनी काय केला?

तांबडा_आधी

तो मुद्दा न्यायप्रविष्ट आहे.

वहिनी_लक्ष्मीपुरी

आमच्या भाचीला दम्याचा मोठा झटका आला तेव्हा स्टिरॉइड दिलं होतं. तिला शुगर आधी नव्हती, तरी दुपारनंतर ३०० च्या वर जायची, सकाळी मात्र ११०. मशीन बिघडलंय म्हणून दोनदा बदलून आणलं. नंतर कळलं की सकाळी दिलेल्या स्टिरॉइडनं दुपारी-संध्याकाळीच शुगर चढते. फक्त सकाळी तपासलं असतं तर पत्ताच लागला नसता.

जुनी_रिक्षा

डिस्चार्जनंतरची एक चूक लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भावाला इन्सुलिनचं पेन दिलं होतं, २० युनिट. रविवारी रात्री पेनच्या सुया संपल्या. घरात आईची जुनी लाल टोपीची सिरिंज होती. त्यानं डोकं चालवलं, पेनच्या काडतुसातनं सिरिंजनं ओढून २० च्या रेघेपर्यंत भरलं. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटवाल्या बाटलीसाठी असते, एका मिलीत ४०. पेनात एका मिलीत १००. म्हणजे २० च्या रेघेला गेले ५० युनिट. पहाटे तीनला वहिनीला जाग आली ती त्याच्या दात वाजण्यानं. शुगर ३८. नशीब जागी झाली.

१०० वाल्या सिरिंजची टोपी केशरी असते. उलटी चूक केली, बाटलीतलं ४० वालं केशरी सिरिंजनं भरलं, तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं.

पांढरी_टोपी

हे घरी जाण्याआधी हातानं करून दाखवायला लावा. "समजलं का?" विचारल्यावर सगळे मान हलवतात. मी सिरिंज हातात द्यायचे आणि म्हणायचे, आता माझ्यासमोर भरा.

कळंब्याचा_पोरगा (अकरा दिवसांनी)

धागा वर काढतोय. आण्णा परवा घरी आले. 🙏

रात्रीच किटोन तपासले, थोडे वाढलेले होते. ग्लुकोज आणि इन्सुलिन शिरेतून जोडीनं चालू ठेवलं, दुसऱ्या दिवशी खाली आले, मग ऑपरेशन. त्या डॉक्टरांनी गोळी लिहायची राहिली याबद्दल स्वतःहून दिलगिरी व्यक्त केली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. नंतर रात्री बेसल २० युनिट, जेवणाला थोडं थोडं. आकडे बहुतेक १५० ते १९० मध्ये, एकदाच ७२ झाली होती.

आता खरी बातमी. HbA1c आला ८.४. (हो, मराठीत कसं लिहायचं माहीत नाही, एचबीएवनसी.) रक्त चढवायच्या आधीच नमुना घेतला होता, नंतर घेतला असता तर आकडा फसवा आला असता म्हणे. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांची सरासरी आहे, हा पडल्याचा परिणाम नाही. मग वहीतले १३० कुठले? वही खरीच होती. आण्णा फक्त सकाळी उपाशीपोटी तपासायचे. जेवणानंतर कधीच नाही. डॉक्टरांनी विचारलं दुपारनंतर काय काय खाता, तर म्हणे "काय नाही." आईनं तोंड उघडलं: चारला दोन खारी आणि चहा, सहाला कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास आणि येताना मित्रांबरोबर भडंग.

आता मेटफॉर्मिन परत सुरू, ग्लिमेपिराइड निम्मी, डापाग्लिफ्लोझिन तूर्त बंद, रात्री १० युनिट. सहा आठवड्यांनी आकडे बघून १० युनिट बंद करता येतील का ठरवणार. सुई आईच देते. पहिल्या दिवशी हात कापत होता, काल टीव्ही बघत दिली.

आडवी_भिंत

अभिनंदन. बिल?

कळंब्याचा_पोरगा

टोचण्यांचे पैसे वेगळे लावलेले होतेच. तिथं तुमचं बरोबर. आत्या ती यादी लॅमिनेट करून घेणार होती.

सुईदोरा

आण्णांना दूध सोडायला लावू नका, भडंग कमी करा. आणि जेवणानंतर दोन तासांनी आठवड्यातनं दोन-तीनदा तपासा. हात धुऊन, कोरडे करून. आंबा-केळं खाऊन तसंच बोट टोचलं तर आकडा खोटा चढतो.

कळंब्याचा_पोरगा

शेवटचा प्रश्न. वापरलेल्या सुया टाकायच्या कुठं? काल कचऱ्यात टाकली तर घंटागाडीवाला भडकला, आणि त्याचं बरोबरच आहे.

पांढरी_टोपी

जाड प्लास्टिकची डबी घे, फिनेलची रिकामी बाटली चालेल. सुई टोपण न लावता थेट आत, झाकण घट्ट. पाऊण भरली की चिकटपट्टी लावून वर मोठ्या अक्षरात "वापरलेल्या सुया" लिही आणि तपासणीला जाशील तेव्हा दवाखान्यात विचार, बरेच जण घेतात. पाण्याची पातळ बाटली नको, टोचतं त्यातनं.

खासबागचा_पैलवान

आणि बाटली आत्याबाईंच्या हातात देऊ नका, त्याचंही बिल मागतील.